न गाणारं भजनी मंडळ

सुरतेतल्या लिंबायतच्या नाक्यावर लावलेला आप्पांचा फ्लेक्स मी उन्हाळ्याच्या सुट्टीवरून परत आलो तेव्हाही तिथेच होता. एका कोपऱ्याची दोरी सुटून तो स्वतःवरच दुमडला होता. डोळे झाकले गेले होते, मिशी तेवढी दिसत होती. डोकं कापसासारखं पांढरं आणि मिशी काळी कुळकुळीत, ती आप्पा स्वतःच्या हाताने रंगवत. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'ह.भ.प. निंबाआप्पा यांना भावपूर्ण श्रद्धांजली.'

मी रस्त्यात उभा राहून हसलो. हरिभक्तपरायण! आप्पांना उभ्या जन्मात दीड अभंग येत होता आणि त्यातला अर्धा चुकीचा होता. पण गल्लीतल्या पोरांनी "नावापुढे काय टाकायचं?" असं विचारलं तेव्हा गोकुळ रिक्षावाल्याला दुसरं काही सुचलं नाही. त्याने मला गावी फोन केला होता. मी ओट्यावर बसलो होतो, शेजारी सासरे पेपर वाचत होते. मी म्हणालो, "तुला योग्य वाटेल ते टाक." आप्पांच्या नावापुढे जे टाकायला हवं होतं ते आप्पा दर रविवारी आपल्याच तोंडाने सांगत. पण ते फ्लेक्सवर लिहिता येत नाही. गुजरातेत तर नाहीच नाही.

मी नगरकडचा. सुरतेत मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवतो. गुजरातेत दारूबंदी आहे, आणि दारूबंदीची एक गंमत अशी की इथल्या दारुड्याला आपण दारुडे आहोत हे फार उशिरा कळतं. चोरून मिळवायची, चोरून आणायची, चोरून प्यायची, या सगळ्या खटपटीत त्याला वाटत राहतं की आपण कुणीतरी शूरवीर आहोत. मी शनिवारी शाळा सुटली की नवापूरची गाडी पकडायचो. हद्दीपलीकडे महाराष्ट्र, तिथे सगळं उघड. घरी सांगायचो, शाळेसाठी पुस्तकं आणायला चाललोय. तेवढी पुस्तकं खरोखर आणली असती तर शाळेला दुसरी इमारत बांधावी लागली असती.

मग एका सोमवारी वर्गात खडू हातात धरवेना. फळ्यावर 'सुविचार' लिहायला गेलो आणि 'सु'चा उकार फळ्याच्या चौकटीवर गेला. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि अगदी हळू म्हणाली, "सर, मी लिहू का?" तिने सगळा धडा लिहिला. मी खुर्चीत बसून खिडकीबाहेर पाहत राहिलो. वर्ग इतका शांत होता की मला कळलं, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक आहे.

बायकोने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, औषधाने हात थांबतील, पण दारू सोडलेल्या लोकांच्या बैठका असतात, तिथे जा. स्टेशनजवळच्या एका बैठकीला गेलो. सगळे गुजराती, चांगली माणसं. माझी पाळी आली आणि मला गुजराती येईना. म्हणजे मला भाजी घेण्यापुरती गुजराती येते, साहेबाची समजूत घालण्यापुरती येते. लाज सांगण्यापुरती येत नाही. बाहेर पडताना एका म्हाताऱ्याने खांद्यावर हात ठेवला. "साहेब, लिंबायतमां तमारुं मराठी ग्रुप छे. भजन मंडळ पूछजो."

लिंबायतला जाऊन मी पानवाल्याला विचारलं, "इथे भजनी मंडळ कुठे बसतं?"

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. "कोणतं? गाणारं का न गाणारं?"

तो चुना लावत म्हणाला, "गाणारं मंदिरात. न गाणारं तिसऱ्या गल्लीत, वरच्या मजल्यावर."

तिथे खालच्या खोलीत एक बाई साड्यांवर खडे चिकटवत बसल्या होत्या. आप्पांच्या बायको, सगळे त्यांना जिजी म्हणत. मला काही न विचारता त्यांनी मानेनेच लोखंडी जिना दाखवला. वर पत्र्याच्या खोलीत दहाएक माणसं टाळ कुटत होती. आयुष्यात एवढं भयंकर गाणं मी ऐकलेलं नव्हतं. अभंग संपला, एकाने खिडकी लावून घेतली, टाळ खाली ठेवले गेले आणि सगळ्यांचे चेहरे बदलले. तेव्हा ढोलकीवरचा माणूस मला दिसला. तो गोकुळ होता. माझ्या वर्गातल्या, फळ्यावर धडा लिहिणाऱ्या त्या मुलीचा बाप.

मी आल्या पावली फिरलो. पण आप्पा नेहमी दाराला पाठ लावून बसत. का, ते मला त्या दिवशी कळलं.

"कोठे जास?"

"माझं जरा चुकलं... मी दुसरीकडे..."

गोकुळ धडपडत उठला होता. "सर, बसा ना सर, इथे पंख्याखाली बसा."

"आठे सर-बिर कोनी नही," आप्पा आपल्या खानदेशी अहिराणीत गरजले. "नाव काय तुनं?"

"विनायक."

"विनायक, बठ. आनि खाले काय दखस? फरशीवर काय लिखेल शे का?"

हे त्यांचं पेटंट वाक्य. नवा माणूस आला की मान खाली घालायचाच, आणि आप्पा हे म्हणायचेच. मी मान वर केली. आप्पांनी स्वतः चहा ओतून दिला. कप अर्धाच भरला होता. मनात म्हटलं, म्हातारा चिक्कू दिसतोय. पुढे किती रविवार मला अर्धाच कप मिळत राहिला. बाकीच्यांचे कप काठोकाठ, माझा अर्धा. मी मनातून दुखावलोही होतो. मग एका रविवारी माझा कप भरून आला. मी तो उचलला, ओठाला लावला, खाली ठेवला, आणि बशीत थेंबही सांडला नव्हता. समोर गोकुळ हसत होता. तेव्हा उमगलं की नव्या माणसाचा हात थरथरतो, भरला कप हिंदकळतो आणि चारचौघांत शोभा होते. आप्पा याबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत.

पण त्यांना संत समजू नका. आप्पा महा हेकट होते. शर्टाची कॉलर गळ्यापर्यंत बंद, सुरतेच्या उन्हाळ्यातसुद्धा. पंखा आपल्याकडेच फिरवून घेत. कुणी स्टेशनच्या गुजराती बैठकीचं कौतुक केलं की दोन रविवार त्याच्याशी बोलत नसत. पत्त्यांत उघड उघड फसवत. आणि त्यांचा आवाज! सारं आयुष्य पॉवरलूमच्या कारखान्यात गेलेलं, सांच्यांच्या खडखडाटात बोलायची सवय. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. खिडकी लावून गुप्त बैठक घ्यायची आणि "मनं नाव निंबा, मी दारुड्या शे" हे वाक्य तीन गल्ल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं. तरी भजनी मंडळ हे सोंग कुणालाच कळलेलं नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. गल्लीनेही ते मत कधी खोडलं नाही. लिंबायतमध्ये सगळे एकाच जिल्ह्यातले, एकमेकांचे नातेवाईक नाही तर भाडेकरू. झाकायला जागाच नाही, म्हणून माणसं न पाहिल्यासारखं करतात.

बैठकीत कुणी आपल्या पिण्याच्या गोष्टी रंगवून सांगू लागला की आप्पा हात वर करत. "फेटा उतार." पोलिसाला कसं गंडवलं, दमणहून कशी आणली, एका बैठकीत किती रिचवली, असलं काही सुरू झालं की "फेटा उतार, भाऊ. आठे वरात नही शे." माझी नवापूरच्या पुस्तकांची गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा सगळे हसले आणि मीही खुशीत आलो. आप्पा तेवढे हसले नाहीत. "आनि घर येवावर बायकोले काय सांगं?" मी नुसता रडायला लागलो, हमसून हमसून.

तेवढ्यात दारावर थाप पडली. दारावर थाप पडली की सगळ्यांनी टाळ उचलायचे आणि सुरू करायचं, हा नियम. एका क्षणात "विठ्ठल विठ्ठल"चा गजर सुरू झाला. आप्पांनी दार उघडलं. मच्छरांच्या फवारणीसाठी माणूस आला होता. त्याने आत पाहिलं. दहा माणसं बेसूर गर्जतायत आणि मध्ये एकजण डोळ्यांतून धारा लावून, नाक ओढत टाळ वाजवतोय. तो बिचारा पंप बाहेर ठेवून आत आला आणि माझ्या पाया पडला.

तो गेल्यावर खोलीत जो हशा उसळला तो मी विसरणार नाही. आप्पाही धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. "आते तू संत व्हयना. आते तुले पेवाले सुट्टी नही." मला वाटतं, त्या दिवसापासून मी खरा सुटायला लागलो. पण पाया पडून घेतल्याची लाज वाटली ती वाटलीच. अजून वाटते.

लाजेबद्दल आप्पांचं म्हणणं सरळ होतं. "लाज वाटस? वाटू दे. लाज वाटस म्हनीसन तर तू आठे ऊना. ज्याले वाटत नही, तो तठे नवापूरले बठेल शे."

बोलायला सोपं. त्यांची स्वतःची लाज मात्र त्या खोलीतच टांगलेली असायची.

खानदेशात आखाजी हा लेकींचा सण. अक्षय तृतीयेला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधलेले असतात, त्यावर बसून गाणी म्हणतात. लिंबायतमध्ये झाडं कुठली? आप्पा आखाजीच्या आधी आठ दिवस खोलीतल्या आडव्या लोखंडी तुळईला दोर बांधत, त्यावर जुन्या साडीची घडी घालत. आम्ही झोक्याभोवती बसून बैठक करायचो. झोका मध्ये रिकामा. पहिल्या वर्षी मी सहज त्यावर बसायला गेलो, तर गोकुळने हात धरून खाली ओढलं. "तो रेखाचा आहे."

रेखा त्यांची एकुलती मुलगी, सुरतेच्याच दुसऱ्या टोकाला, कोसाडला दिलेली. लग्नानंतर ती एकाही आखाजीला माहेरी आली नव्हती. आप्पांना उरलेल्या आयुष्यात काही हवं असेल तर ते एवढंच. रेखाने एकदा येऊन त्या झोक्यावर बसावं.

ती का येत नाही ते आप्पांनीच एका रविवारी सांगितलं. रेखाच्या लग्नात कन्यादानाची वेळ झाली आणि बाप सापडेना. बाप मांडवामागे पाण्याच्या टँकरखाली पडला होता. वराकडची माणसं धावत आली. जिजींच्या भावाने प्रसंग राखला. म्हणाला, "याले फिट येस." मग फिट आहे म्हटल्यावर उपाय करणं आलं. कुणीतरी चप्पल आणली आणि आप्पांच्या नाकाला लावली.

"माले शुद्ध व्हती," आप्पा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मोठा. "समदं समजत व्हतं. चप्पल नवी व्हती. चामडानाच वास, पायना नही. रेखानी लगीननी चप्पल व्हती ती."

नवरी मुलगी पाटावर बसायला अनवाणी गेली होती, तिची नवी चप्पल हाताशी सापडली, एवढंच. कन्यादान मामाने केलं. आणि फिटची गोष्ट रेखाबरोबर सासरी गेली. ती खोटं आहे हे तिला माहीत, आणि खरं सांगायची सोय नाही. बापाशी ती बोलेनाशी झाली.

यंदा आखाजीच्या थोडं आधी जिजी जिना चढून वर आल्या. त्या कधीच वर येत नसत. रेखाच्या सासरी कोसाडला नवं घर घेतलं होतं, सत्यनारायण होता. विहिणीने निरोप धाडला होता : आमच्या व्याह्यांचं स्वतःचं भजनी मंडळ असताना बाहेरचं कशाला बोलवू? व्याह्यांनीच यावं.

पाठोपाठ रेखाचाही फोन आला होता. तो सांगताना जिजी पदराच्या टोकाला गाठी मारत होत्या. "ती म्हणते, आप्पाले सांग, येऊ नका. तब्येत बरी नही असं कळवा. फिट ऊनी म्हना, नही तर."

खोलीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. आम्हाला जायची भीती होतीच, गाता कुणाला येत होतं? मी म्हणालो, "आप्पा, नकोच जायला." आप्पांनी कॉलरचं बटण चाचपलं. "इहीनबाईनी बलायेल शे. पोरना घरना उंबरा मी दखेल नही. जावानं."

आठवडाभर तालमी केल्या. गोकुळची ढोलकी बरी होती, बाकी सगळा आनंद. दीड अभंगाचे तीन करायचे होते. आप्पा प्रत्येक चालीत पुढे पळायचे आणि आम्हालाच मागे राहता म्हणून शिव्या घालायचे. गंध लावून, धुवट कपडे घालून दोन रिक्षांतून आम्ही निघालो तेव्हा पानवाल्याने हात जोडून "राम कृष्ण हरी" म्हटलं. आप्पांनी गंभीरपणे नमस्कार घेतला.

कोसाडचं घर माणसांनी भरलं होतं. रेखा पाण्याचा ट्रे घेऊन आली. बारीक, उंच, बापासारखंच नाक. प्रत्येकाच्या हातात तिने ग्लास दिला. आप्पांचा ग्लास त्यांच्यासमोर फरशीवर ठेवला आणि पुढे गेली. आप्पांनी तो उचलून पाणी प्यायलं आणि ग्लास तिथेच परत ठेवला.

विहीणबाई मोठ्या अगत्याच्या. "याही, तुमी धूपपासून लांब बठा. धूरनी त्रास व्हई." मग शेजारच्या बायकांना सांगू लागल्या. त्यांच्या मांडीजवळ रेखाची मुलगी, परी, उभी होती, सहा-सात वर्षांची, गळ्यात काळ्या दोऱ्यात ताईत. "हिच्या आईच्या माहेरी आहे ना फिटचं, म्हणून हिलाही जपतो. उत्तरायणला सगळी पोरं गच्चीवर पतंग उडवतात, हिला जाऊ देत नाही. झोका नाही, पाळणा नाही. चक्कर आली तर?" परी हे सगळं आपल्याबद्दलच आहे हे ठाऊक असलेल्या मुलासारखी उभी होती.

आमचं भजन सुरू झालं. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्याला आप्पांचा टाळ थांबला. ते परीकडे पाहत होते. मग ते उठले, आणि सांच्यांवर बोलायच्या त्या आवाजात म्हणाले, "इहीनबाई, या पोरले काही नही शे. माले कधीच फिट ऊनी नही. लगीनमा मी दारू पीसन पडेल व्हतू. मनं नाव निंबा, मी दारुड्या शे. पोरले गच्चीवर जाऊ द्या."

भटजींनी पोथीत बोट घालून ठेवलं होतं. सगळ्या घराच्या नजरा आप्पांवरून सरकून आमच्यावर आल्या, एकेकावर. समोरच्या रांगेत माझ्या शाळेतले दोन पालक बसले होते. आप्पांनी त्या नजरा पाहिल्या. हात आमच्याकडे केला.

"आनि या बठेल शेत ना, या खरा भजनी शेत. दारुड्या मी एकलाच. मनामुये त्यासले नावं ठेवू नका."

आणि ते जाऊन दारापाशी, चपलांच्या ढिगाशेजारी बसले.

रेखा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही. रेखाचे सासरे, जुने सांच्यावरचेच माणूस, खाली पाहतच आम्हाला म्हणाले, "चालू द्या, बुवा."

आम्ही गायलो. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी आमचा आवाज लागला. गोकुळच्या ढोलकीला माझा टाळ बरोबर पडत होता, चाल कुठे पळाली नाही की मागे राहिली नाही. शेवटी विहीणबाईंनी रीतीप्रमाणे मुख्य बुवा म्हणून माझ्या हातात नारळ दिला, वर टोपी घातली. शाळेतल्या एका पालकाने "सर, तुमचा हा गुण माहीत नव्हता" असं म्हणून नमस्कार केला. मी नारळ घेतला, नमस्कारही घेतला. दाराजवळ आप्पा माझी चप्पल शोधून सरळ करून ठेवत होते.

परतताना मी त्यांच्याच रिक्षात होतो, नारळ मांडीवर. गोकुळ चालवत होता. अमरोलीचा पूल गेला तेव्हा मला राहवलं नाही. "आप्पा, आम्हाला कशाला झाकलंत?"

"तुमनं नाव तुमनं शे. मी कसाले उघडं करू?" एवढं बोलून ते बाहेर बघत बसले. मग बाहेर बघतच म्हणाले, "आते ती येवाव नही. आजलोंग माले वाटे, येई. आते नही."

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मिशी रंगवली नव्हती. मुळांशी पांढरं दिसत होतं. चहा त्यांनीच ओतला, पण स्वतःचा कप मात्र अर्धाच भरून घेतला. का, ते विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. आम्हाला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची, आणि गोकुळ रोज काही ना काही निमित्त काढून त्यांच्या घरावरून रिक्षा नेत होता. आप्पा प्यायले नाहीत. झोका बांधतील की नाही, हा दुसरा प्रश्न होता. त्यांनी तो बांधला.

आखाजीच्या दिवशी आमची जादा बैठक असते. सणाला पत्ते पडतात, बाटल्या फुटतात, माणूस घसरतो, म्हणून आप्पा सगळ्यांना दुपारीच बोलावून घेत. खाली जिजींनी पुरणाचा घाट घातला होता. मला संध्याकाळच्या गाडीने गावी जायचं होतं, पिशवी सोबतच होती. आम्ही रिकाम्या झोक्याभोवती बसलो होतो, एकजण बोलत होता, आणि दारावर थाप पडली.

हात आपोआप टाळांकडे गेले. "विठ्ठल विठ्ठल" सुरू झालं. आप्पांनी मागे वळून दार उघडलं.

दारात रेखा उभी होती. एका हाताला परी. आम्ही तसेच गात राहिलो, कसं थांबावं ते कुणाला सुचेना. तिने आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माले माहीत शे."

टाळ एकेक करत खाली ठेवले गेले.

ती आत आली. झोक्याच्या दोराला हात लावून तिने तो ओढून पाहिला. "आप्पा, टिकी ना दोर?"

आप्पांनी मान हलवली. त्यांच्या तोंडून आवाज फुटला नाही. तीन गल्ल्यांना ऐकू जाणाऱ्या माणसाच्या तोंडून. रेखा झोक्यावर बसली, तिने परीला मांडीवर ओढून घेतलं. परीच्या गळ्यात ताईत नव्हता. आप्पा उठले, तिच्या मागे जाऊन उभे राहिले, दोराला हात लावला आणि हलकेच झोका दिला. झोका आमच्या गुडघ्यांना लागेल इतक्या जवळून गेला, आम्ही मागे सरकलो.

परी पहिल्यांदा घाबरली, मग ओरडायला लागली. सुरतेची पोर, तिची भाषा गुजराती. "नाना, जोरथी! हजी जोरथी!"

आप्पांनी जोराने झोका दिला. त्यांची मान खाली होती. कॉलर गळ्यापर्यंत बंद, हनुवटी छातीला टेकलेली, मिशी अर्धी पांढरी, आणि हात तेवढे पुढे जात होते, मागे येत होते. रेखाने मागे वळून पाहिलं नाही, पण तिला कळलं असावं.

"आप्पा," ती म्हणाली, "वर दखा ना."

आप्पांनी वर पाहिलं नाही. गोकुळ माझ्या शेजारी होता; मला वाटलं तो आता ते वाक्य म्हणणार, आप्पांचंच वाक्य आप्पांना. त्यानेही मान खाली घातली. माझ्या गाडीची वेळ होत आली होती. पिशवी उचलून मी दाराशी गेलो आणि एकदाच वळून पाहिलं. आप्पांना मी पाहिलं ते शेवटचंच. झोका चालू होता, आप्पा मान खाली घालून तो देत होते, आणि त्यांच्या भोवती बसलेली सगळी माणसं त्यांच्यासारखीच फरशीकडे पाहत होती. फरशीवर काहीही लिहिलेलं नव्हतं.